तळहात म्हणजे तराजू नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला खनिजांवरचा लेख वाचला. विषय मस्त निवडलाय, पण क्वार्ट्झ आणि कॅल्साइट कसे ओळखायचे ते सांगताना "हातात धरल्यावर जड लागतो तो कॅल्साइट" असं जे छापलंय ना, तिथे मी अडलो. अहो, क्वार्ट्झचं विशिष्ट गुरुत्व (म्हणजे तेवढ्याच पाण्याच्या किती पट जड) २.६५ आणि कॅल्साइटचं २.७१! हा फरक तराजूला कळेल, हाताला काय कळणार? रंगाचंही तेच, दोन्ही बिनरंगी सापडतात, पांढरे, गुलाबी, पिवळट सगळे सापडतात आणि चमकही दोघांची काचेसारखीच.

यात मी स्वतः फसलोय म्हणून लिहितोय. एक पारदर्शक खडा मी कित्येक वर्षं क्वार्ट्झ समजून जपला होता, एक दिवस सहज चाकूचं टोक ओढलं तर चांगला खोल ओरखडा आणि वर पांढरी भुकटी. कठीणपणा मोजायच्या मोह्सच्या मापात कॅल्साइट ३, चाकूचं स्टील साधारण साडेपाच आणि क्वार्ट्झ ७, त्यामुळे उत्तर तिथेच मिळालं. मात्र यातही एक गोम आहे, क्वार्ट्झवर चाकू ओढला तरी रेघ दिसतेच आणि माणूस म्हणतो बघा, पडला ओरखडा! ती रेघ चाकूच्याच धातूची असते, नीट घासून पुसली की जाते. आधी पुसा, मग ठरवा.

फोडून बघायची तयारी असेल तर प्रश्नच मिटतो. कॅल्साइट फुटला की तिरक्या पेटीसारखे तुकडे पडतात, कडांमधले कोन ७८ आणि १०२ अंशांच्या आसपास, आणि त्या तुकड्याचा तुकडा केला तरी आकार तोच. क्वार्ट्झ मात्र जाड काच फुटावी तसा फुटतो, शिंपल्यासारखी वळणं पडतात. पातळ हायड्रोक्लोरिक ऍसिडचा थेंब टाकला तर कॅल्साइट फसफसतो, क्वार्ट्झ ढिम्म.

पण खरी गंमत प्रकाशाची, आणि तिला लेखात अर्धीच ओळ! ओरखडा पडलेला तोच खडा मी तुमच्या पेपरच्या मथळ्यावर ठेवला तर प्रत्येक अक्षर दोनदा दिसायला लागलं. खडा साधारण दोन सेंटीमीटर जाड आहे, तर दोन प्रतिमांमधलं अंतर दोनेक मिलिमीटर भरलं. मग खडा कागदावरच हळूहळू गोल फिरवला तर एक अक्षर जागचं हललं नाही आणि दुसरं त्याच्याभोवती फिरायला लागलं, मी बराच वेळ तेच करत बसलो होतो. १६६९ मध्ये डेन्मार्कच्या रास्मुस बार्थोलिन यांनी आइसलँडहून आलेल्या कॅल्साइटमध्ये हेच बघून लिहून ठेवलंय. आत शिरलेल्या प्रकाशाचे दोन किरण होतात, कॅल्साइटचे अपवर्तनांकही (प्रकाश आत शिरताना किती वळतो त्याचे आकडे) दोन, १.६५८ आणि १.४८६, म्हणजे फरक ०.१७२. पोलरॉइड गॉगलची काच डोळ्यासमोर धरून फिरवली तर एक अक्षर गायब होतं, अजून ९० अंश फिरवली की ते येतं आणि दुसरं जातं.

लेखात "क्वार्ट्झमध्ये असे होत नाही" असं म्हटलंय, तेही बरोबर नाही. होतं, पण त्याचे आकडे १.५४४ आणि १.५५३, फरक फक्त ०.००९, त्यामुळे तेवढ्याच जाडीतून अक्षर सरकलं तरी फार तर मिलिमीटरचा दहावा भाग सरकेल आणि आपल्याला एकच दिसेल.

एवढी वर्षं तो खडा कपाटात होता आणि मी एकदाही छापलेल्या कागदावर ठेवून पाहिला नाही, हसू येतं आता. असो, ते वजनाचं वाक्य तेवढं पुढच्या रविवारी दुरुस्त करून छापा.

आपला,
एक नेहमीचा वाचक