मांजरपाटाखालचा उजेड

कळंबच्या मंडपवाल्या काकांना
सप्रेम नमस्कार.

काका, परवा पुण्यात आपल्या सिनेमाचं कलर ग्रेडिंग, म्हणजे रंग जुळवायचं काम, संपलं. मोठ्या पडद्यावर चौकातला प्रसंग आला आणि माझे डोळे भरून आले. फोनवर तुम्ही आभार मानूच देत नाही, "असू द्या हो" म्हणून ठेवून देता. म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय.

मी परभणीचा. लग्नाच्या शूटिंगपासून सुरुवात केली, मग मुंबईत नऊ वर्षं दुसऱ्यांच्या कॅमेऱ्याचा फोकस सांभाळला. छायाचित्रकार म्हणून हा पहिलाच सिनेमा. चैत्रातल्या दुपारी वाड्याच्या चौकात आजी ज्वारी निवडत बसते, एवढाच प्रसंग. पण ऊन थेट डोक्यावर, आणि आजींच्या डोळ्यांच्या जागी नुसते काळे खड्डे. मोठ्या सिनेमात अशा वेळी ऊन मऊ करायला लोखंडी चौकटीवर रेशमी कापड ताणतात, दिमतीला जनरेटरची गाडी असते. आमच्याकडं तिच्या डिझेलचेही पैसे नव्हते.

तुम्ही आधी लग्नाचं सॅटिन बांधलंत. त्याचा पिवळा रंग आजींच्या गालावर उतरलेला मी बोलायच्या आत तुम्हीच ओळखलात. दुसऱ्या दिवशी गोदामातून जुना मांजरपाट काढून आणलात. नीळ घातलेल्या पांढऱ्या कापडाखाली चेहरा फिका पडतो. मांजरपाटाला मुळातच कापसाचा हलका पिवळसर रंग, त्यामुळे सावळ्या कातडीला ऊब येते. मला हे माहीत होतं, पण तसं कापड मराठवाड्यात ऐन वेळी कुठं शोधायचं ते माहीत नव्हतं.

तुम्ही शिडीवर दोऱ्या आवळत होतात तेव्हा मी सत्यजित राय यांचे छायाचित्रकार सुब्रत मित्र यांची गोष्ट सांगितली होती. रायांच्या १९५६ च्या 'अपराजितो' या सिनेमासाठी बनारसच्या घराचा चौक कलकत्त्याच्या स्टुडिओत उभारला होता. मित्रांनी वर कापड ताणलं आणि दिव्यांचा झोत त्यावर मारून खाली उतरणारा मऊ उजेड वापरला. स्टुडिओत का, तर पावसाची धास्ती. तुम्ही वरूनच म्हणालात, "आपल्याकडं धास्ती उन्हाची."

अकरा दिवस, ऐन लग्नसराईत, ऊन सरकेल तसं तुम्ही कापड सरकवत राहिलात. पैसे घेतलेत ते फक्त पेट्रोलचे.

आणि ते भोक! कुठल्याशा वरातीत फटाक्याची ठिणगी पडून जळालेलं. तुम्ही सुई-दोरा घेऊन शिवायला निघालात, मी थांबवलं. त्यातून जमिनीवर रुपयाएवढा गोल कवडसा पडत होता. शॉट तीन मिनिटांचा. तेवढ्यात तो कवडसा दोन बोटं सरकला आणि आजींच्या सुपाच्या काठावर चढला. असं काही मला ठरवून जमलं नसतं. संपूर्ण सिनेमात माझा सगळ्यात आवडता शॉट तोच आहे.

श्रेयनामावलीत तुमचं नाव माझ्या नावाच्या लगेच खाली आहे. कळंबला खेळ लावू तेव्हा पडदा बांधायला दुसरं कुणीतरी बघतो. तुम्ही काकूंना घेऊन पुढं बसायचं.

तुमचा,
कॅमेरावाला