रात्रीची तीन मिनिटे कलेला द्या

मा. संपादक,

न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये २०१२ पासून रोज रात्री ११.५७ ते १२ जाहिराती थांबतात आणि तिथल्या अनेक पडद्यांवर एकाच कलावंताची कृती एकदम उमटते. ‘मिडनाइट मोमेंट’ म्हणतात त्याला. मी ॲनिमेशन करते. आजीच्या ठिपक्यांच्या रांगोळीवर ४० सेकंदांची मूक चित्रफीत केली आहे. ठिपके जुळता जुळता कासव चालू लागते. ओळखीतून एका चौकातल्या पडद्यावर ती एकदाच लावून पाहिली. बारीक रेघा एलईडीत पार विरल्या, म्हणून घरी येऊन त्या जाड केल्या. पण सिग्नलला थांबलेला दूधवाला हिरवा दिवा लागला तरी वरच पाहत होता! रोजचे भाडे मला झेपणारे नाही. महापालिकेने डिजिटल फलकांना परवाना देतानाच रात्रीची तीन मिनिटे स्थानिक कलावंतांसाठी राखून ठेवावीत.

– एक ॲनिमेटर, कोथरूड, पुणे