३६ खोकी की ३८?

संपादक महोदय,

कसबा पेठेतल्या तांबट आळीत आमचे घर आणि घरातच कारखाना. यजमान आणि दीर भांडी घडवतात, मठारकाम करतात. हिशेब आणि कागदपत्रे माझ्याकडे. यंदा जर्मनीतल्या एका दुकानाची ऑर्डर आली. तांब्याचे जग, झाकणांसकट, आणि लहान घंगाळे. आम्ही स्वतःच्या नावाने परदेशी धाडलेला हा पहिला माल. त्यात जे घडले ते आमच्यासारख्या इतर छोट्या कारखानदारांना कळावे म्हणून हे पत्र.

माल मुंबई विमानतळावरच्या सहारच्या कार्गोतून विमानाने जायचा होता. आदल्या संध्याकाळी आमच्या सीएचएंनी, म्हणजे कस्टम्सचे काम पाहणाऱ्या एजंटांनी, शिपिंग बिलाची (कस्टम्सला द्यायच्या निर्यातीच्या कागदाची) चेकलिस्ट, म्हणजे कच्चा मसुदा, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली : ‘बघून ओके कळवा.’ तीन पाने, बारीक इंग्रजी. मी आमचे नाव, रक्कम, तांब्याच्या घरगुती भांड्यांचा ७४१८ ने सुरू होणारा एचएसएन कोड एवढे पाहिले आणि ओके लिहिले. खोकी ३६ होती, तिथेही ३६ होती. रात्री दिरांच्या मनात आले की झाकणे घासून जगांवर चरे पडतील. त्यांनी ती काढून वेगळ्या दोन खोक्यांत भरली. मी लगेच पॅकिंग लिस्ट बदलून टेम्पोवाल्याच्या हाती दिली. सीएचएंना फोन करायला हवा हे सुचलेच नाही. पॅकिंग लिस्ट म्हणजे घेणाऱ्याने खोकी उघडताना पाहायचा कागद, अशी माझी समजूत होती.

दुसऱ्या दिवशी कार्गोत ३८ खोकी उतरली आणि शिपिंग बिलावर ३६. माल थांबला. वजनही बदललेले, म्हणजे एअरवे बिलही (विमान कंपनीचा मालवाहतुकीचा कागद) चुकले. दुरुस्तीचा अर्ज, खोकी उघडून तपासणी, हुकलेले विमान, नवे बुकिंग, वर डेमरेज, म्हणजे माल पडून राहिल्याचे भाडे. चार दिवस गेले आणि त्या जगांवरचा सगळा नफाही. तपासणाऱ्या अधिकाऱ्यांना मी दोष देत नाही. कागदात नसलेली दोन खोकी दिसली तर त्यांनी माल अडवलाच पाहिजे.

मला सल लागली ती नंतर. निर्यातीसाठी सक्तीची कागदपत्रे सरकारने २०१५ सालीच तीनवर आणली आहेत : शिपिंग बिल, बिल ऑफ लेडिंग (जहाजाने माल गेला तर) किंवा एअरवे बिल, आणि इन्व्हॉइस-कम-पॅकिंग लिस्ट. हा तिसरा कागद एकच करता येतो, वेगवेगळे दोनही चालतात. मी कुठून तरी मिळालेल्या नमुन्यावरून दोन केले. एकच केला असता तर खोक्यांचा आकडा बदलताना इन्व्हॉइसच बदलावे लागले असते आणि ते सीएचएंना पाठवावेच लागले असते. हे मला कोणी मराठीत सांगितले नव्हते.

आमच्याच पेठेतल्या एका काकांचा आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीसाठी लागणारा कोड, बंद पडला. हा कोड काढणे सोपे असते, पॅन हाच आता त्याचा क्रमांक, फी ५०० रुपये. पण काही बदल नसला तरी दरवर्षी एप्रिल ते जून या काळात सरकारी पोर्टलवर जाऊन माहिती बरोबर आहे असे नोंदवावे लागते. काकांना वाटले, एकदा काढला की जन्मभराचा. माल भरून तयार झाल्यावर कळले. तसेच जीएसटीच्या एलयूटीचे, म्हणजे कर न भरता माल निर्यात करण्यासाठीच्या हमीपत्राचे. ते दर आर्थिक वर्षाला नव्याने भरायचे, म्हणजे एप्रिलमध्ये माल काढणाऱ्याने आधी तेच पाहायचे. बँकेचा एडी कोडही (निर्यातीचे पैसे ज्या बँकेत येणार तिचा क्रमांक) ज्या बंदरातून किंवा विमानतळावरून माल जाणार तिथे नोंदवलेला लागतो. यातले काहीच अवघड नाही. हंड्याला कल्हई लावणे याहून कितीतरी अवघड आहे.

म्हणून जिल्हा उद्योग केंद्राला आणि मराठा चेंबर या उद्योजकांच्या संस्थेला माझी कळकळीची विनंती आहे. सेमिनार पुष्कळ होतात, पण त्यात स्लाइड इंग्रजी आणि वेळ दुपारची, जेव्हा आमच्या भट्ट्या चालू असतात. त्यापेक्षा एका खऱ्या मालाचा भरलेला संच मराठी टिपांसह छापून द्या : कुठला आकडा कुठल्या कागदावर जातो, तो बदलला तर कोणाला कळवायचे, चेकलिस्टमध्ये कुठल्या ओळी वाचल्याशिवाय ओके म्हणायचे नाही. मोठ्या टपाल कार्यालयांतही तो ठेवा. डाकघर निर्यात केंद्रांतून लहान पार्सले परदेशी पाठवता येतात, हेही आमच्या आळीत मोजक्याच घरांना ठाऊक आहे.

त्या मालाचे सगळे कागद माझ्याकडे आहेत, चुकलेले आणि दुरुस्त केलेले, दोन्ही. नमुन्यासाठी कोणाला हवे असतील तर नावे आणि रकमा झाकून मी ते आनंदाने देईन.

– तांबट आळीतील एक वाचक, कसबा पेठ, पुणे