‘एफएमची पोहोच कमी’ हे खरे नव्हे

महोदय,

13 फेब्रुवारीला जागतिक रेडिओ दिन आला की एफएमवर लिहून येते आणि त्यात एक वाक्य हमखास असते : ‘एफएमचा आवाज स्वच्छ, पण पोहोच कमी.’ यातला दुसरा भाग एफएमच्या माथी उगाच मारलेला आहे. पोहोच कमी असते ती एफएम फ्रिक्वेन्सीच्या ज्या पट्ट्यात बसवले आहे त्या पट्ट्याची. आजचे एफएम घडवणारे अमेरिकी अभियंते एडविन आर्मस्ट्राँग यांचे काम पाहिले की ही गल्लत सुटते, पण त्यांचे नाव या लेखांत क्वचितच दिसते.

जन्म 1890, न्यूयॉर्क. कोलंबिया विद्यापीठातून 1913 मध्ये विद्युत अभियंता. अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरल्यावर ते सैन्याच्या सिग्नल कोअरमध्ये कॅप्टन म्हणून पॅरिसला गेले, मेजर होऊन परतले आणि पुढे जन्मभर ‘मेजर आर्मस्ट्राँग’च राहिले. त्या काळच्या व्हॉल्व्हना (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांना) उंच फ्रिक्वेन्सीचे सिग्नल मोठे करता येत नसत, कारण नळीतल्या ग्रिड आणि प्लेट या दोन भागांमधल्या नैसर्गिक कपॅसिटन्समधून सिग्नल उलटा गळायचा आणि सर्किट शिट्ट्या मारायचे. आर्मस्ट्राँग यांनी 1918 मध्ये सिग्नलच खालच्या ठरावीक फ्रिक्वेन्सीवर उतरवला आणि तिथे हवा तितका वाढवला. यालाच सुपरहेटरोडाइन किंवा थोडक्यात सुपरहेट म्हणतात. फ्रान्सच्या ल्युसियाँ लेव्ही यांचा पेटंटचा अर्ज याआधीचा होता आणि पुढे पेटंटमधले बहुतेक दावे त्यांच्याकडे गेले, हेही सांगायला हवे. पण आठ व्हॉल्व्हचा चालता संच पॅरिसमध्ये उभा राहिला तो आर्मस्ट्राँग यांच्या हातून.

आपल्या घरातला जुना ट्रान्झिस्टर याच तत्त्वावर चालतो. आकाशवाणी पुणे 792 किलोहर्ट्झवर लावली की संचातला ऑसिलेटर, म्हणजे स्वतःची लहर तयार करणारे सर्किट, 1247 वर धावतो आणि दोहोंतला फरक, 455 किलोहर्ट्झ, आयएफटीच्या, म्हणजे या मधल्या फ्रिक्वेन्सीसाठी (आयएफ) जुळवलेल्या ट्रान्सफॉर्मरच्या, डब्यांतून वाढत जातो. लाल गाभ्याची कॉइल ऑसिलेटरची; पिवळी, पांढरी, काळी या आयएफटी. ‘स्टेशन दबलंय’ म्हणून कोणी लाल गाभा फिरवला की काट्यावरची सगळी स्टेशने सरकतात. लोखंडी पेचकस घातला तर दोन नुकसाने : लोखंड जवळ असेपर्यंत कॉइलचा इंडक्टन्स वेगळा, म्हणजे जुळणी खोटी; आणि फेराइटचा गाभा चिरला तर तो डबाच बदलावा लागतो. म्हणून या कामाला प्लास्टिकचाच पेचकस घ्यावा.

विमानात एफएम रेडिओ लावू देत नाहीत, त्याचेही मूळ इथेच आहे. एफएम संचात आयएफ 10.7 मेगाहर्ट्झ असतो. 98.3 वरचे स्टेशन लावले तर ऑसिलेटर 109.0 वर चालतो, आणि 108 ते 118 हा पट्टा विमानांच्या दिशादर्शक यंत्रणांचा आहे.

आता मूळ मुद्दा. वीज कडाडली, मिक्सर लावला की एएमवर, म्हणजे मध्यम लहरींच्या स्टेशनांवर, खरखर येते, कारण गोंगाट लहरीची उंची बदलतो आणि एएममध्ये कार्यक्रमही उंचीतच भरलेला असतो. दोन्ही एकाच भांड्यात. वेगळे करणार कसे? कार्यक्रम फ्रिक्वेन्सीच्या बदलात भरायचा, म्हणजे एफएमचा, विचार जुनाच होता, पण 1922 मध्ये अमेरिकी अभियंते जॉन कार्सन यांनी गणिताने दाखवले की पट्टा अरुंद ठेवून यातून फायदा नाही. अरुंद पट्ट्यापुरते ते बरोबरच होते. आर्मस्ट्राँग उलट दिशेने गेले आणि त्यांनी पट्टा रुंद केला. आज फ्रिक्वेन्सी दोन्ही बाजूंना 75 किलोहर्ट्झ हलते. ऐकणाऱ्याच्या संचात लिमिटर नावाचे सर्किट लहरीचे शेंडे छाटून उंची सारखी करतो, गोंगाटाचा मोठा भाग तिथेच गळतो, आणि फ्रिक्वेन्सीचा हेलकावा जितका मोठा तितका उरलेला गोंगाट त्यापुढे किरकोळ ठरतो. याची पेटंटे 1933 च्या डिसेंबरात मिळाली.

या रुंदीची किंमत जागेत मोजावी लागते. मध्यम लहरींवर आपल्याकडे स्टेशने 9-9 किलोहर्ट्झवर बसतात. एफएमच्या एका स्टेशनाला 200 लागतात. 531 ते 1602 किलोहर्ट्झचा अख्खा मध्यम लहरींचा पट्टा रिकामा करून दिला तरी त्यात जेमतेम पाच एफएम स्टेशने मावतील. म्हणून एफएमला वरच्या फ्रिक्वेन्सीवर जावे लागले, आणि वरच्या लहरी बहुतेक वेळा सरळ रेषेतच जातात. शंभर मीटर उंच मनोऱ्याचे रेडिओ-क्षितिज सपाट मुलखात सुमारे 41 किलोमीटरवर असते; मध्ये डोंगर आला तर त्याहून अलीकडे. त्याच पट्ट्यात एएम लावले तरी हद्द तीच राहील, शिवाय खरखर पदरात पडेल.

घरी पडताळा घ्यायचा तर मिक्सर चालू करून आधी मध्यम लहरी आणि मग एफएम ऐकावे. एफएमवरही खरखर टिकली तर लिमिटरला पुरेसा सिग्नल मिळत नाही असे समजावे. 98 मेगाहर्ट्झला पाव लहर 76 सेंटीमीटरची होते. अँटेनाची दांडी तेवढी ओढून खिडकीशी धरावी. मोबाइलला इअरफोनची वायर याचसाठी लागते.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी रणगाड्यांत एफएम संच होते, कारण इंजिनाच्या ठिणग्यांपुढे एएम ऐकूच येत नसे. आर्मस्ट्राँग यांनी या पेटंटांचे मानधन सैन्याकडून घेतले नाही. शांतता आल्यावर सरकारने काय केले? 42 ते 50 मेगाहर्ट्झमध्ये रुजलेले एफएम जून 1945 मध्ये उचलून 88 च्या वर नेले. त्यासाठी पुढे केलेले कारण आपल्या ‘कमी पोहोच’वाल्यांनी जरूर वाचावे : सौरडागांच्या काळात या पट्ट्यातल्या लहरी वातावरणाच्या वरच्या थरांवरून परतून फार दूर जातील आणि लांबची स्टेशने एकमेकांवर चढतील, असे सांगण्यात आले. थोडक्यात, तक्रार जास्त पोहोचीची होती! लोकांनी घेतलेले काही लाख संच निकामी झाले, स्टेशनांना नवे प्रक्षेपक घ्यावे लागले.

1948 मध्ये आर्मस्ट्राँग यांनी आरसीए या बड्या अमेरिकी रेडिओ कंपनीवर पेटंटभंगाचा दावा लावला. खटला लांबत गेला, पैसे संपत आले आणि 1954 च्या जानेवारीअखेर त्यांनी आयुष्य संपवले. पत्नी मेरियन यांनी त्याच वर्षी आरसीएशी तडजोड केली, बाकीच्या कंपन्यांशी मात्र त्या लढत राहिल्या. शेवटचा खटला त्यांनी 1967 मध्ये जिंकला.

आपला,
एक वाचक, पुणे