उंदीर कुणाच्या होडीतून आला?

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

बाबा, उंदरावरून माणसाचा प्रवास कसा कळतो, हे फोनवर नीट सांगता येईना, म्हणून लिहिते.

पॉलिनेशियन लोक होड्यांतून प्रशांत महासागरातल्या बेटांवर पसरले, तेव्हा किओरे नावाचा लहानसा उंदीर त्यांच्यासोबत गेला. एवढा समुद्र त्याला पोहून जाता येत नाही. नंतर युरोपीय जहाजांतून आलेल्या उंदरांशी त्याचा संकरही होत नाही, म्हणून वंश शुद्ध राहतो.

मायटोकॉन्ड्रियल डीएनए (पेशीतल्या मायटोकॉन्ड्रिया या भागांतला डीएनए) फक्त आईकडून येतो. पोथी उतरवताना एखादं अक्षर चुकलं की पुढच्या सगळ्या नकलांत ती चूक उतरते, तसंच इथे. दोन बेटांवरच्या उंदरांत एकच चूक सापडली तर त्यांचं मूळ एक. लिसा मॅटिसू-स्मिथ या संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये हे ताडून पाहिलं. न्यूझीलंडच्या उंदरांत अशा चुकांचे बरेच प्रकार निघाले. एकच होडी वाट चुकून किनाऱ्याला लागली असती तर इतके निघाले नसते. लोक पुन्हा पुन्हा आले होते. मला यातलं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं.

उंदराच्या जुन्या हाडातून डीएनए काढायचं काम मात्र जपून करावं लागतं. वरचा थर खरवडून आतली थोडी पूड घ्यायची, ईडीटीए या रसायनाने कॅल्शियम विरघळवायचं, प्रोटिनेज के या एन्झाइमने प्रथिनं तोडायची, मग डीएनए सिलिकावर चिकटवून धुवायचा. उष्ण, दमट बेटांवर डीएनएचे बारीक तुकडे झालेले असतात आणि तुकड्यांच्या टोकांना डीएनएच्या ‘सी’ या अक्षराच्या जागी ‘टी’ वाचला जातो. शेजारी हाड न घातलेली एक नळी ठेवतात. तिच्यात डीएनए दिसला तर बाहेरची भेसळ झाली, अख्खी खेप बाद.

उंदीर बेटावर कधी पोचला, तो काळ ठरवायला दुसरा पुरावा लागतो. न्यूझीलंडमधल्या काही उंदरांच्या हाडांचं वय सुमारे २००० वर्षं निघालं होतं, पण ते टिकलं नाही. २००८ मध्ये उंदरांनी कुरतडलेल्या बिया तपासल्या, तेव्हा सगळ्यात जुन्या सुमारे इ. स. १२८० च्या ठरल्या. आई, त्या बियांच्या कडेला पुढच्या दातांच्या बारीक जोडखाचा स्पष्ट दिसतात. बी एकाच हंगामात तयार होते, म्हणून तिचं वय भरवशाचं. जुन्या चुलीतल्या कोळशाचं तसं नाही: जुन्या झाडाच्या गाभ्याचं लाकूड जळलेलं असेल तर चुलीपेक्षा कोळसाच शेकडो वर्षांनी जुना ठरतो.

त्या होड्यांतून गेलेल्या डुकरांचं पुढच्या पत्रात लिहिते.

तुमची,
मनू