दर रविवारी एक सॅटेलाइट फोटो छापा

मा. संपादक साहेब, स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत शब्दकोडं असतं, सुडोकू असतं, त्याच पानावर थोडी जागा काढून दर आठवड्याला एक सॅटेलाइट फोटो छापा, नाव न देता, आणि वाचकांना विचारा की हे काय आहे. एवढ्यासाठीच हे पत्र.

आमच्याकडं सुट्टीत लेकरं जमली की रात्री गच्चीवर हा खेळ चालतो. एकानं मोबाईलवर जागा शोधायची, नावं बंद करायची अन् फोन फिरवायचा. परवा बालाघाटातला एक डोंगर होता, उतारावर एकाखाली एक रेषा. थोरले भाऊ शेतकरी, ते लगेच म्हणले, "हे पाणलोटाचे समतल चर हायत, पाणी अडवायला आपल्या माळावर खांदलेत तसले." पण पुतणीनं झूम करून दाखवलं की तीच रेषा ओढ्याच्या पलीकडं समोरच्या डोंगरावर तेवढ्याच उंचीवर पुढं जातीय, आणि चर कुणी असे डोंगरामागून डोंगर खांदत नाही. त्या लाव्हाच्या थरांच्या कडा होत्या, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरलेल्या, कठीण थर टिकला, मऊ झिजला, म्हणून पायऱ्या. भाऊ बराच वेळ फोनकडं बघत बसले, मग म्हणले, "हीर खांदताना बी असंच लागतंय, आधी काळा पाषाण, मग मऊ मांजऱ्या खडक, मधी तांबडा पट्टा." खरंच तेच थर ते.

गोल दिसलं की मात्र सगळे लोणार म्हणून ओरडतात. लोणारचं विवर जेमतेम 1.8 किलोमीटर रुंद. मॉरिटानियाच्या वाळवंटातलं रिशाट तसंच गोल, पण सुमारे 40 किलोमीटरचं, आणि ते उल्केनं झालेलं नाहीच, वर उचललेला खडकाचा घुमट झिजून त्याची कडी उघडी पडलीत. शास्त्रज्ञांना पण आधी ते उल्केचंच वाटलं होतं. म्हणून फोटोखाली किलोमीटरची पट्टी आणि उत्तर दिशा पाहिजेच, आणि पुढच्या रविवारी नुसतं उत्तर नको, कशावरून ओळखायचं तेही लिहा, खरी मजा तिथंच आहे. फोटोची अडचण नाही, इस्रोच्या भुवन पोर्टलवर बघायला मिळतात, छापायची परवानगी तेवढी तुम्ही बघा.

पहिला फोटो अजिंठ्याचा घ्या. वाघूर नदीचं घोड्याच्या नालेसारखं वळण पहिल्यांदा बघणाऱ्याला दरी न वाटता फुगीर डोंगर वाटतं, कारण डोळ्याला उजेड वरून यायची सवय, आणि उत्तर वर धरलेल्या फोटोत सकाळचं ऊन बहुतेक महिने खालच्या बाजूनं येतं. खाली एवढंच छापा, "पेपर उलटा धरून बघा."

आपला,
एक वाचक, अंबाजोगाई