रात्रीच्या नऊ तासांचा हिशेब

शेफील्ड, इंग्लंड,
नोव्हेंबर २०२५

ती. सौ. आईस,
साष्टांग नमस्कार, वि. वि.

मागच्या रविवारी फोनवर मामांनी विचारले, की धर्मादाय संस्थेत काम करणाऱ्याने पगाराची कुरकुर का करावी. तेव्हा मी गप्प राहिले, पण तो प्रश्न आठवडाभर मनातून गेला नाही. उत्तर तुलाच लिहावेसे वाटले, कारण २७ वर्षे अंगणवाडी चालवूनही तुझ्या हातात जे पडत आले त्याला सरकारने कधी पगार म्हटले नाही, मानधनच म्हटले.

बौद्धिक दिव्यांगत्व असलेली चार प्रौढ माणसे एका घरात राहतात आणि त्यांना अंघोळ, स्वयंपाक, औषधे, बाजारहाट यांत सोबत करणे हे माझे काम आहे, हे तुला ठाऊक आहे. आठवड्यातून दोन रात्री मला तिथेच मुक्काम करावा लागतो. रात्री दहा ते सकाळी सात या नऊ तासांचे ५५ पौंड उक्ते मिळतात. २१ वर्षांवरील माणसाला तासाला किमान १२.२१ पौंड द्यावेत असा इथला कायदा आहे. त्या हिशेबाने नऊ तासांचे जवळजवळ ११० पौंड व्हायला हवेत. पण अशा मुक्कामात प्रत्यक्ष कामासाठी जागे राहावे लागले तेवढाच वेळ किमान वेतनासाठी धरावा, असा निकाल इथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९ मार्च २०२१ रोजी दिला. तो खटलाही एका सहायक महिलेने धर्मादाय संस्थेविरुद्धच चालवला होता. त्या रात्री मला घरी जाता येत नाही, मुलांजवळ झोपता येत नाही, आणि पलीकडच्या खोलीत कोणी खोकले तरी जाग येते. तरीही कायद्याच्या दृष्टीने मी झोपलेली असते.

संस्थेकडे पैसा कमी आहे हे मी नाकारत नाही. इथे अशी सेवा बहुतेक वेळा स्थानिक कौन्सिल तासाच्या दराने विकत घेते, आणि तो दर खर्चाच्या मानाने वाढत नाही. त्यात या एप्रिलपासून मालकाने कामगारामागे भरायचा राष्ट्रीय विम्याचा हप्ता १३.८ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर गेला, आणि जिथून तो लागू होतो ती वार्षिक पगाराची मर्यादा ९,१०० पौंडांवरून ५,००० वर उतरली. कमी पगाराच्या आणि अर्धवेळ माणसांवर चालणाऱ्या संस्थांना हा भार फार जड गेला. पगाराचे दुःख म्हणूनच मी एक वेळ गिळू शकते. कारभाराचे गिळता येत नाही.

चौदा महिन्यांत आमच्या घराला तीन व्यवस्थापक झाले. सध्याच्या बाईंकडे अशी चार घरे आहेत आणि त्या आमच्याकडे पंधरा दिवसांतून एकदा येतात. सोमवारची पाळी शुक्रवारी संध्याकाळी कळते. पाळी बदलताना एकमेकींना दिवसभराची माहिती देण्यासाठी पंधरा मिनिटे मिळत असत, ती खर्च वाचवण्यासाठी काढून टाकली. आम्ही तरीही थांबतो, कारण न सांगता निघालो तर पुढचीला काही कळणार नाही. ही फुकटची पंधरा मिनिटे आता संस्थेने गृहीतच धरली आहेत.

याची झळ कोणाला लागते ते सांगते. आमच्याकडचे एक गृहस्थ अठ्ठावन्न वर्षांचे आहेत आणि ते बोलत नाहीत. त्यांना गिळायला त्रास होतो, म्हणून चहापाण्यात पावडर घालून ते घट्ट करूनच द्यावे लागते, नाहीतर पातळ घोट श्वासनलिकेत जाऊ शकतो. सप्टेंबरमध्ये एका सकाळी एजन्सीकडून आलेली, या घरात पहिल्यांदाच पाऊल ठेवणारी मुलगी त्यांना साधा चहा देत होती. मी रात्रपाळी संपवून निघाले होते, पण दारातून वळून पाहिले म्हणून तो कप हातातून काढून घेता आला. ती मुलगी रडू लागली. तिला कोणी सांगितलेच नव्हते, आणि सांगण्याची ती पंधरा मिनिटे उरली नव्हती. मी घटनेचा अहवाल लिहून दिला. उत्तरादाखल सर्वांना एक ओळीचा ईमेल आला: कर्मचाऱ्यांनी काळजी-आराखडा वाचावा.

माझा व्हिसा यांच्या रुग्णालयातल्या नोकरीवर आहे, म्हणून मी निदान लिहू तरी शकते. माझ्यासोबतच्या एका केरळच्या ताईंचा व्हिसा याच संस्थेवर अवलंबून आहे. नोकरी गेली तर साधारण ६० दिवसांत दुसरा प्रायोजक शोधायचा किंवा देश सोडायचा, ही टांगती तलवार असल्यामुळे त्या अहवालावर साक्षीदार म्हणून सहीसुद्धा करत नाहीत. वहिनींच्या भावाला एजंट या कामाच्या व्हिसासाठी पैसे मागत असेल तर एक रुपयाही देऊ नको म्हणावे. परदेशातून नव्याने केअर वर्कर आणण्याचा हा मार्ग २२ जुलै २०२५ पासून बंद आहे.

मामांना एवढेच सांग, की हे काम मला मनापासून आवडते. ते गृहस्थ मला पाहून कप टेबलावर दोनदा आपटतात, ती त्यांची हाक असते. पण माझ्या या ओढीलाच संस्थेने पगारातली तूट भरून काढायला लावले आहे, आणि सेवाभावाचे नाव घेऊन तुझ्या बाबतीतही हेच झाले. एप्रिल २०२२ मध्ये अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, त्या दिवशी तू फोनवर किती वेळ बोलत होतीस, आणि डिसेंबर २०२३ च्या संपात गुडघे दुखत असतानाही मोर्चाला गेलीस, ते मला आठवते.

मी युनिसन या कामगार संघटनेची सभासद झाले आहे. धर्मादाय संस्थेवर विश्वस्त मंडळ असते. आम्ही पाच जणी मिळून त्यांनाच पत्र देणार आहोत. मागण्या दोनच आहेत: ती पंधरा मिनिटे पगारासह परत द्यावीत, आणि नवीन माणसाला पहिल्या दिवशी एकटे सोडू नये. तुमच्या संघटनेने तेव्हा दिलेल्या निवेदनाची प्रत तुझ्या लोखंडी पेटीत असेल. तिचा फोटो काढून पाठव. मागणी कशी मांडली होती आणि सह्या कोणत्या क्रमाने घेतल्या होत्या, ते मला पाहायचे आहे.

बाबांना नमस्कार.

तुझी,
सुमन